माउस आणि आक्काची चौकट

माउस अडकतो म्हणजे काय होतं, हे ज्याचा अडकलेला नाही त्याला सांगून कळत नाही. बंद पडलेली वस्तू परवडते. ती आपण दुकानात नेतो, नाहीतर माळ्यावर टाकतो आणि विसरतो. अडकणारी वस्तू तेवढंही करू देत नाही. तुम्ही खुर्ची पुढे ओढेपर्यंत, चष्मा पुसेपर्यंत, फाइल उघडेपर्यंत ती शहाण्यासारखी चालते. नेमकी रेष ओढायला घेतली की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबतो. तुम्ही माउस हलवता, उचलता, आपटता. बाण ढिम्म. मग शिवी ओठांवर येते आणि त्याच क्षणी तो सुटतो, तो थेट पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

त्या वर्षी दसऱ्यापासून पुढचे पाच-सहा आठवडे मी हे रोज भोगलं. मी निवृत्त गणित शिक्षक आहे. सत्तर-सत्तर मुलांच्या वर्गाला मी छडी न उगारता गप्प केलेलं आहे. आणि ठाकुर्लीच्या माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच टेबलावर, मुठीएवढी प्लास्टिकची वस्तू माझं ऐकत नव्हती.

काम होतं आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं. घराण्यातल्या सगळ्या शाखा, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे नोकरीला, कोणाची लेक कोणाकडे दिली, अशी सगळी माहिती वंशवृक्षासकट छापलेलं जाडजूड पुस्तक. पहिली आवृत्ती मी नोकरीला लागलो त्या सुमारास निघाली होती. दुसरी काढायचं दोन वर्षांपूर्वी ठरलं आणि पानं लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. कारण काय, तर माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, मला वेळ आहे आणि मी चिडका असल्यामुळे लोक माहिती वेळेवर पाठवतात. ही तीन कारणं बैठकीत माझ्या तोंडावर सांगितली गेली आणि त्यावर सगळे हसले. मीही हसलो, कारण हे काम मला हवंच होतं, आणि ते का हवं होतं हे मी बैठकीत बोललो नव्हतो.

मला ते आक्कासाठी हवं होतं.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, मोठ्या काकांची मुलगी. कल्याणला चाळीतल्या दोन खोल्यांत आमची दोन्ही कुटुंबं एकत्र राहायची. मला पाढे तिने शिकवले. बोटं मोजत नाही, तर पाठीवर ताल धरून. चुकलो की तालही चुकायचा आणि मला आपोआप कळायचं. पुढे मी शिक्षक झालो त्यात तिचा वाटा मोठा आहे. ती टायपिंगची परीक्षा पास होऊन कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात ऑफिसात लागली आणि तिथे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका गृहस्थांशी तिने लग्न केलं. ते बौद्ध कुटुंबातले होते. तिने घरी सांगितलं तेव्हा काकांनी आरडाओरडा केला नाही. रविवारी दुपारी, सगळ्यांची जेवणं झालेली असताना, ते उठले, मोरीत गेले आणि मुलगी वारल्यावर करावी तशी तिच्या नावाने आंघोळ केली. बादली मी भरून दिली होती. मी तेव्हा दहावीत होतो. ती बादली कशासाठी आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी ती भरली. हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

त्यानंतर निघालेल्या पहिल्या आवृत्तीत काकांच्या नावापुढे छापलं गेलं: अपत्य एक, पुत्र. तो पुत्र म्हणजे आमचा दादा, आक्काचा सख्खा थोरला भाऊ, घराण्यातला आजचा सगळ्यांत ज्येष्ठ माणूस. आता ऐंशीच्या पुढे आहे, ठाण्याला कोलशेतला मुलाकडे राहतो. बहिणीशी त्याचं बोलणं त्या रविवारपासून बंद. काका गेले, काकू गेल्या, आक्काचे यजमान गेले, कारखानाही बंद पडून वर्षं लोटली, पण बोलणं बंद ते बंदच. मी दोघांकडेही जातो. आक्का दर वेळी विचारते, "दादाचा गुडघा कसा आहे?" दादा काहीच विचारत नाही.

बैठकीनंतर मी दादाला एकट्याला गाठून सांगितलं की या वेळी आक्काची नोंद घालणार आहे, तिच्या यजमानांची, मुलांची, सगळ्यांची. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला की संपादक तू आहेस, तुला योग्य वाटेल ते कर. मी याचा अर्थ होकार असा घेतला. दादाच्या बोलण्याचा काय अर्थ घ्यायचा, याबद्दल त्याने आयुष्यभर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आक्काला फोन केला. ती एवढंच म्हणाली की माहितीचा फॉर्म पाठव. आठ दिवसांत तो भरून आला. सगळ्या फॉर्मांत तो एकच असा होता की ज्यात मला लाल पेन्सिल लावावी लागली नाही. यजमानांचं पूर्ण नाव, त्यांचं शिक्षण, मुलगी, मुलगा, सून, जावई, नातवंडं. स्वतःपुढे तिने टायपिंगच्या दोन्ही परीक्षा लिहिल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. फॉर्मबरोबर चिठ्ठी होती: त्यांचं नाव आडनावासकट छाप. संमेलनाला मी येईन.

घराण्याचं संमेलन डोंबिवलीत एका हॉलमध्ये डिसेंबरात ठरलं होतं आणि त्यातच पुस्तक वाटायचं होतं. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी आक्का सगळ्यांसमोर येणार, आणि हातात पुस्तक घेऊन स्वतःचं पान काढणार. ते पान माझ्या हातात होतं. आणि माझा हात त्या माउसवर होता.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. माझ्या वडिलांची हत्यारं म्हणजे करवत आणि पटाशी, माझी म्हणजे कंपास, फूटपट्टी आणि अलीकडे कॉम्प्युटर. पूजा मी स्वतः करतो आणि नीट करतो. कॉम्प्युटर उचलून पाटावर ठेवता येत नाही म्हणून मी त्याच्या वतीने माउस काढून तबकात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी फूल काढलं, माउस वरून पुसला, वायर जोडली आणि कामाला बसलो. त्याच दिवशी तो पहिल्यांदा अडकला.

दोन गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या तर त्यांचा संबंध तपासावा, हे मी मुलांना किती वर्षं सांगितलं असेल. मला स्वतःला ते सुचलं नाही. मी आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग माउसची वायर मागच्या खाचेतून काढून पुढच्या खाचेत घातली. तासभर बरं चाललं, मला वाटलं जिंकलो, आणि पुन्हा अडकला. मग टेबलावरची काच दोषी ठरली. त्या काचेखाली आमची सगळी हयात आहे, मुलांचे शाळेतले फोटो, गॅसवाल्याचा नंबर, रेशनकार्डाची झेरॉक्स. काचेवर असले माउस चालत नाहीत असं कुणीतरी म्हणालं म्हणून मी पॅड आणलं. पॅडवर दोन दिवस चालला. मग पॅड धुतलं. धुतल्यावर त्याच्या कडा वर आल्या आणि माउस कडेला अडखळायला लागला, ते वेगळंच.

मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला की ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारा प्रोग्राम, काढून परत टाका. मी काढला. काढल्यावर माउस पूर्णच गेला, आणि परत टाकण्यासाठी जिथे क्लिक करायचं तिथे माउसशिवाय जायचं कसं, हे सांगायला तो फोनवर नव्हता, मीटिंगमध्ये होता. टॅब दाबत दाबत अर्धा दिवस गेला. माझं पित्त असं खवळलं होतं की बायको ताट वाढून ठेवून निघून गेली.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने माउस हातातही न घेता नवीन घ्या म्हणून सांगितलं. मी त्याला म्हटलं की रोगी न तपासता पिंडाची तयारी करणारा वैद्य मला नको. तो हसला. मी नवीन माउस घेतला नाही. बायको म्हणाली, "अहो, घेऊन टाका ना एक, घराला शांतता मिळेल." पण आता प्रश्न माउसचा राहिला नव्हता. बिघाड सापडल्याशिवाय मी हार मानणार नव्हतो. हा माझा स्वभावदोष आहे आणि तो पुढे महागात पडला.

मी उलटा करूनही पाहिला होता, हे सांगायला हवं. खालच्या भोकात लाल दिवा लागत होता. म्हणजे दिवा चालू, म्हणजे तिथे दोष नाही, असा मी निष्कर्ष काढला.

काकांच्या शाखेचं पान मी दिवाळीच्या आठवड्यात लावायला घेतलं. वंशवृक्षात प्रत्येक माणसाची एक चौकट असते आणि बापाच्या चौकटीतून मुलांच्या चौकटींकडे रेषा जातात. काकांच्या चौकटीखाली डावीकडे दादाची चौकट होती. तिच्याखाली त्याची मुलं-नातवंडं, त्यांच्या पदव्या, पदव्यांची विद्यापीठं, असा भला मोठा पसारा. उजवीकडे आक्काची चौकट बसवायची होती. जागा कमी पडत होती. मी ती धरून जरा उजवीकडे सरकवायला घेतली आणि माउस अडकला. मी थांबलो. हलवला. नाही. मनात दहापर्यंत मोजलं. नाही. मग माझा तोल गेला आणि मी माउस टेबलावर दाणकन आपटला. बाण सुटला, चौकट उजवीकडे उडाली आणि थांबली. पाहिलं तर बरी दिसत होती. काकांपासून तिच्यापर्यंत रेषही जात होती. जागेचा प्रश्न सुटला म्हणून मला हायसं वाटलं आणि मी पुढच्या पानावर गेलो.

पानं लावायच्या त्या प्रोग्रामात पडद्यावर पांढरं पान दिसतं आणि त्याच्या बाजूंनी करडी मोकळी जागा असते. करड्या जागेत ठेवलेली गोष्ट पडद्यावर दिसते, पण छापली जात नाही. आक्काची चौकट त्या करड्या जागेत जाऊन बसली होती. पानाची कड तिच्या आणि दादाच्या मधून जात होती. मला ते दिसलं नाही. मला चौकट दिसली, तिच्यातलं नाव दिसलं, यजमानांचं आडनाव दिसलं, आणि मी समाधानाने चहा मागितला.

सगळी पानं कागदावर काढून मी गठ्ठा कोलशेतला दादाकडे पाठवला, कारण प्रूफ तपासायचं काम ज्येष्ठ म्हणून त्याने मागून घेतलं होतं. त्याची नजर या वयातही कडक आहे. तो हिरव्या शाईने तपासतो आणि प्रत्येक पानाखाली सही करतो. मी कागदावरची पानं पुन्हा पाहिली नाहीत. पडद्यावर पाहून पाहून माझे डोळे विटले होते.

गठ्ठा परत आला त्याच सकाळी माउसचं कोडं सुटलं. मी सोडवलं नाही. बायको टेबल पुसत होती. माझ्या नकळत तिने माउस उलटा केला आणि ओल्या फडक्याचं टोक पिळून त्या भोकात फिरवलं. फडकं गुलाबी झालं. ती ते माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "हे घ्या तुमच्या दसऱ्याचं कुंकू."

तबकातलं ओलं कुंकू खालच्या काचेवर चिकटून वाळलं होतं. आतला दिवाच लाल, त्यामुळे कुंकू वेगळं दिसतच नव्हतं. पाच-सहा आठवडे मी त्या लाल भोकात डोळे घालून घालून पाहत होतो. राग यायलाही मला वेळ लागला. मी ज्याची मनोभावे पूजा केली तेच माझ्या डोक्याची मंडई करत होतं, आणि याबद्दल भांडायला समोर कुणी नव्हतं. बायको तर हसून हसून खुर्चीत बसली.

पण त्यानंतर तो काय चालला म्हणून सांगू. मी दादाची हिरवी प्रुफं समोर घेतली आणि दुरुस्त्या करत सुटलो. इथे अनुस्वार, तिथे स्वल्पविराम, अमक्याचं गाव चुकलंय, तमक्याच्या जन्मसालात आकडा उलटा झालाय. खूण पाहायची, तिथे मोठं करून जायचं, टिचकी मारायची, पुढची खूण. इतके दिवस ज्याने नाकी नऊ आणले तो आता बोटाच्या इशाऱ्यावर धावत होता. माझ्यासारख्या माणसाला याचा किती आनंद होतो हे सांगता येत नाही. सगळ्या पानांच्या दुरुस्त्या मी एका बैठकीत संपवल्या आणि फाइल कल्याणच्या छापखान्यात धाडून दिली.

संमेलन रविवारी होतं. पुस्तकांचे गठ्ठे बुधवारी घरी आले. मी पहिली प्रत काढली आणि सरळ काकांच्या पानावर गेलो. काका होते. दादा होता, त्याचा सगळा पसारा होता. उजवीकडे कोरी जागा होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकात होतं तसंच पान, फक्त कागद चकचकीत.

मी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आक्काची चौकट होती. करड्या जागेत. हे कसं झालं असेल ते मला तेव्हा उमगलं आणि मी माउसला वाटेल ते बोललो. मग एक गोष्ट खटकली. चौकट पानाबाहेर गेली तरी काकांकडून तिच्याकडे जाणारी रेष पानावर अर्धी तरी उरायला हवी होती. रेष कुठे गेली?

मी दादाच्या प्रुफांचा गठ्ठा सोडला. त्या पानावर रेष होती. काकांच्या चौकटीतून निघून उजव्या कडेपर्यंत जाऊन तुटलेली. दादाने तिच्याभोवती हिरवं वर्तुळ काढून बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ही जादा रेष काढावी. त्याच पानावर त्याने स्वतःच्या नातवाच्या पदवीतला एक राहिलेला काना घातला होता. खाली सही.

आणि ती रेष मी काढली होती. कुंकू पुसल्यावर, मजेत, एका टिचकीत. तेव्हा माउस अजिबात अडकला नव्हता.

मी दादाला फोन लावला. खरं तर मला ओरडायचं होतं, पण ज्याच्यासमोर आयुष्यभर आवाज चढवला नाही त्याच्यासमोर तो आयत्या वेळी चढत नाही. मी विचारलं की आक्काची चौकट पानावर नाही हे तुमच्या लक्षात आलं नाही का. तो म्हणाला, "आलं की. मला वाटलं, तू विचार करूनच काढलीस. रेष तेवढी राहून गेली असेल."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारण्यासारखं काय होतं त्यात," तो म्हणाला, आणि रविवारी हॉलवर किती वाजता पोचायचं ते विचारलं.

मला त्याचा संताप आला, अजूनही येतो. पण त्याने निदान सरळ सांगितलं. मी इकडे माउसच्या नावाने खडे फोडत बसलो होतो.

छापखानेवाल्याने चांगुलपणा दाखवला. त्याच कागदावर, त्याच अक्षरात आक्काची नोंद वेगळी छापून दिली, काकांपासून येणाऱ्या रेषेसकट. गुरुवारभर मी आणि बायको जमिनीवर बसून त्या पट्ट्या एकेका प्रतीत चिकटवत होतो. कोऱ्या जागेत पट्टी बरोब्बर बसत होती. बायको एरवी माझ्या चुकीवर चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिने फक्त डिंकाची बाटली पुढे सरकवली.

शुक्रवारी मी मोहन्याला गेलो, आक्का तिथे मुलीकडे राहते. रविवारी सगळ्यांसमोर कळण्याआधी आक्काला मी सांगायला हवं होतं. पिशवीत चिकटवलेली एक प्रत घेतली, आणि दादाचं ते हिरव्या शाईचं पानही घडी करून घेतलं. ते का घेतलं हे मला चांगलं माहीत होतं. चूक एकट्या माझी नाही हे तिला दिसायला हवं होतं. इतका सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुपारची वेळ होती. तिची मुलगी कामावर गेलेली. आक्का दार उघडून म्हणाली, "ये रे, मी आत्ताच इस्त्रीवाल्याकडून आले." पलंगावर फिकट निळी साडी घडी करून ठेवली होती, रविवारची. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि शेजारी तिच्या यजमानांचा फोटो. मी पाणी प्यायलो, आणि मग अथपासून इतिपर्यंत माउसची कथा सांगितली. अडकणं, काच, पॅड, ड्रायव्हर, कुंकू. कुंकवापाशी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली की तू लहानपणापासून देवांनाही जरा जास्तच घासतोस. मग मी चौकट उडाल्याचं सांगितलं, छपाईत राहून गेल्याचं सांगितलं. माउसमुळे, असं मी त्या सांगण्यात किती वेळा म्हणालो ते मी मोजलं नाही. तिने बहुतेक मोजलं असावं.

ती म्हणाली, "मागच्या वेळी कुठला माउस होता रे?"

रागाने म्हणाली नाही. गणितातली पायरी गाळली की ती जशी विचारायची तसंच विचारलं. मी पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

तिने भिंग आणलं आणि खिडकीपाशी बसून पट्टी वाचली. सावकाश, एकेक अक्षर. यजमानांच्या नावावर भिंग बराच वेळ थांबलं. मग तिने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, कुठे सुटतेय का ते पाहायला.

"चिकटवलेली का होईना, आहे," ती म्हणाली. "मी येते रविवारी."

मला वाटलं, सुटलो. मी उठायला लागलो. तिने पुस्तक मिटलं नव्हतं. पानाच्या डाव्या बाजूला, दादाच्या चौकटीवर भिंग धरून ती पाहत होती.

"हे छापायच्या आधी तपासतं कोण?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. घडी वरच्याच कप्प्यात होती.

"मीच," मी म्हणालो.

"दादाने नाही पाहिलं?"

"नाही. त्याचे डोळे हल्ली बरे नसतात."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला, आणि तो दादाबद्दलचा ताण होता हे मला तेव्हा कळलं. इतका वेळ ती माझ्या माउसची नाही, या एका उत्तराची वाट पाहत होती.

"तरीच," आक्का म्हणाली. "त्याने पाहिलं असतं तर त्याच्या नजरेतून सुटलं नसतं. माझ्या वहीतला एक काना राहिला तरी त्याला दिसायचा."

मी पिशवीची चेन लावली आणि म्हणालो, "हो आक्का. त्याला दिसलं असतं."